वानरांची नजर

नातीनं मोबाइलवरचं कोडं पुढं केलं, ‘चित्रात लपलेला वाघ शोधा’, आणि मला मारेगावकडचं आमचं शेत आठवलं. कॉलेजात असताना धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून मी असंच पेपरातलं कोडं सोडवत होते. चित्रातली सगळी वानरं एकाच झुडपाकडं बघत होती. वाघ तिथंच सापडला. आईला सांगायला मान वर केली, तर पळसावरची खरी वानरं तुरीकडं बघत होती. तुरीत आई शेंगा तोडत होती.

“आई, तशीच इकडे ये. मांगं पाहू नोको.”

“काहून वं?”

वारा नव्हता, तरी तिच्या मागची तूर हलत होती.

आई धुऱ्यावर आली, तेव्हा सुटलो असं वाटलं. वानरं मात्र आता धुऱ्याकडं बघत होती. त्याचा अर्थ मला आज लागला.