कोच शेरिलच्याच दारात

टेक्सासमधल्या अर्विंगच्या मंजुषा टिपणीसला अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण शेजारच्या शेरिलकडे कुठल्या कॉलेजचा कोच आला नि किती वेळ बसला, हे मात्र तोंडपाठ होतं. शेरिलचा डस्टिन म्हणजे दारातून वाकून येणारा धिप्पाड पोरगा. हायस्कूलच्या टीममध्ये समोरच्यांना आडवं करायचं, एवढंच त्याचं काम. मंजुषाचा ईशान त्याच टीममध्ये किकर. बोलावलं की चेंडूला लाथ मारायची आणि परत बाकावर येऊन बसायचं.

२००६ साल, दोघांचं शाळेचं शेवटचं वर्ष. डस्टिनला आपल्या टीममध्ये ओढायला कॉलेजं नुसती वेडी झाली होती. एकानं त्याला विमानानं बोलावून भारी हॉटेलात ठेवलं, ताटभर स्टेक खाऊ घातलं. दुसऱ्याचा कोच तर मॅच बघायला चक्क हेलिकॉप्टरनं मैदानाशेजारी उतरला!

"पोरं पटवायला लाखो डॉलर उडवतात म्हणे ही कॉलेजं," मंजुषाचा नवरा विनय हसत म्हणाला. "आपल्याकडे मुलगी बघायलाही कुणी एवढा थाट करत नाही."

"त्या ठोंब्याला काय सोनं लागलंय?" मंजुषानं कढई आपटली. ईशानला कॉलेजात खेळायचंच होतं, दुसरं काही सुचत नव्हतं त्याला. पण एकाही कोचचं साधं पोस्टकार्ड आलं नव्हतं. पोरगा शाळेतून आला की आधी मेलबॉक्स उघडायचा आणि हिचा जीव तुटायचा. मग शेरिल दिसली की पोटात दुखायचं. अगदी खरंखुरं, जळजळीत दुखायचं.

डिसेंबरात एका संध्याकाळी बेल वाजली. दारात कॉलेजचं जाकीट घातलेला कोच! मंजुषाला काय करू नि काय नको झालं. तो काही बोलायला गेला की ही म्हणायची, "आधी खाऊन घ्या, कामाचं मग." साबुदाण्याची खिचडी झाली, चहा झाला, बेसनाचा लाडू झाला. ईशान समोर ताठ बसलेला.

शेवटी कोचला बोलायला सवड मिळाली. "शेजारचा डस्टिन कसा मुलगा आहे हो? तुम्ही त्याला रोज बघता."

मंजुषाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हाही त्याच्यासाठीच! आमच्या घरात बसून, आमचे लाडू खाऊन!

"मला कुणाचं वाईट बोलायचं नाही," ती म्हणाली, "पण त्याच्या शब्दावर विश्वास ठेवू नका. थापाड्या आहे."

"आई, प्लीज!" ईशान ओरडला.

कोचनं कप खाली ठेवला. "पंचाईत झाली मग. ईशानचे व्हिडिओ मला त्यानंच दिले. म्हणाला, मला घ्यायचंय तर आधी माझ्या शेजाऱ्याला बघा, त्याच्यासारखा किकर नाही आणि मुलगा सोन्यासारखा आहे. त्याच्या शब्दावर मी इथं आलो."

मंजुषाच्या तोंडचं पाणी पळालं. ईशानकडे बघायचा तिला धीर होईना.

"मी खोटं बोलले," ती कशीबशी म्हणाली. "डस्टिन चांगला आहे. माझ्या मुलाला रोज प्रॅक्टिसला त्याच्याच गाडीतून नेतो. मला... मला त्याच्या आईचा हेवा वाटतो."

कोचनं कप उचलून उरलेला चहा संपवला. मग ईशानकडे वळला. "स्कॉलरशिप नाही देता येणार. पण टीममध्ये जागा आहे. येशील?"

ईशाननं नुसती होकारार्थी मान हलवली.

कोचला सोडायला मायलेक दारापर्यंत गेले. गाडी वळली, तशी मंजुषानं लेकाला जवळ घ्यायला हात पुढे केले. तो तिच्या बाजूनं निघून गेला, हिरवळ ओलांडून थेट शेजारी. दार उघडलं, तो काहीतरी ओरडला, आणि शेरिलनं त्याला घट्ट मिठी मारली. मंजुषा पायरीवर उभी राहून ते बघत होती.