टाळलेली लढाई

२० जानेवारी. अंगणात तूर निवडत होते. शेजारचे निवृत्त इतिहासाचे सर येऊन बसले आणि नेहमीसारखे माझ्याच तुरीतून कार्थेजच्या हॅनिबलचं सैन्य मांडू लागले. मधली फळी मागे घेतली, दोन्ही कडा मिटवल्या आणि रोमन सैन्य घेरलं. लढाईत सरांचा हात कधी अडखळत नाही.

धाड या त्यांच्या गावी मात्र त्यांचा भाऊ दर नांगरटीला दोघांच्या शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, कोरत आत येतो.

"सर, भावाले कधी अडवता?"

"ताई, रोमच्या फेबियसनं लढाई टाळूनच हॅनिबलले दमवलं. मी बी टाळून राह्यलो."

"पण तो हॅनिबलच्या मागंमागं फिरे, तुम्हीच सांगतलं. तुम्ही शेतात कधी गेले?"

सरांनी दाणे गोळा करून सुपात टाकले.

२१ जानेवारी. सकाळी मी त्यांच्या दारात जाऊन म्हटलं, "चपला घाला. धाडच्या जीपमध्ये दोन जागा धरल्या आहेत."