उभ्या माणसाचा फवारा

लंबूकाकांना वाकायला सांगणं म्हणजे विजेच्या खांबाला नमस्कार करायला सांगणं. हे वाक्य त्यांचंच. आपल्यावरचा विनोद दुसऱ्यानं करण्याआधी आपणच करून टाकावा, म्हणजे समोरच्याच्या हाती काही उरत नाही, असा त्यांचा साधा डाव होता.

लोकांच्या शेतात औषध फवारून देणं हा त्यांचा धंदा. पाठीवर पंप, तोंडाला मास्क, हातात मोजे, पायात बूट असा जामानिमा करून ते ढांगा टाकत निघाले की बघणाऱ्याला वाटावं, हे दुसऱ्याच ग्रहावरून उतरलेत. वेगाबद्दल त्यांची ख्याती होती. चहा ओतून ठेवा, निवायच्या आत पट्टा उरकतो, असं ते गिऱ्हाइकाला सांगत, आणि उरकतही. तो कसा उरकला हे पाहायला कुणी वाकत नसे. तेही वाकत नसत.

यंदा मात्र काकूंनी सोयाबीन लावलं होतं. स्वतःच्या वाट्याच्या तुकड्यात, स्वतःच्या हिमतीवर, आणि विकून मोकळं व्हायला नव्हे, बियाण्यासाठी. बियाणं संस्था फक्त टपोरे, भरलेले दाणे घेणार होती. घेतले, तर पुढच्या हंगामात आजूबाजूच्या रानांत काकूंचं बी उगवणार. आयुष्यभर ‘लंबूची बायको’ म्हणून ओळखल्या गेलेल्या बाईला हे किती हवं होतं, ते त्या बोलून दाखवत नव्हत्या. पण रानातून आल्यावर हातपाय धुवायच्या आधी त्या शेंगांची खबर सांगायच्या. काकांना तेवढ्यावरून कळलं होतं.

मग हवा बिघडली. ढग हलेनात, पानांवरचं दव उन्हं वर आली तरी सुकेना. तांबेऱ्याचा रोग पडलाय का, जरा बघून या, असं काकूंनी सांगितलं. काका बांधावरून रुबाबात एक चक्कर मारून आले आणि पीक कसं गालिच्यासारखं पसरलंय याचं रसभरीत वर्णन करू लागले.

“खालची पानं बघितलीत?” काकूंनी विचारलं.

“वरची एवढी गुणी आहेत, खालच्यांवर कशाला संशय घ्यायचा?”

काकूंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्या झाडाच्या बुडाजवळचं एक पान घेऊन आल्या. ते पालथं केलं, काकांचा अंगठा धरला आणि पानाच्या मागून फिरवला. अंगठ्याला विटकरी भुकटी लागली.

काकांनी अंगठा उजेडात धरून पाहिला, मग पान पाहिलं, मग पुन्हा अंगठा. तांबेरा बुडापासून वर चढतो, पानाच्या खालच्या अंगाला लपून बसतो, हे त्यांनी गिऱ्हाइकांना इतक्यांदा सांगितलं होतं की झोपेतही बडबडले असते. ऐकलं मात्र आज पहिल्यांदा.

शेंगा भरायच्या आत पानं गळाली, तर दाणे सुरकुतणार. काका तिरमिरीत उठले. औषध आणलं, प्रमाणात कालवलं आणि ख्यातीला साजेशा वेगानं फवारून टाकलं. काकू चहा घेऊन बांधावर पोचल्या तेव्हा ते पंप उतरवून, तिथल्या मोठ्या झाडाला टेकून, शेंड्यांवर चमकणाऱ्या थेंबांकडे कौतुकानं बघत होते.

आठवडाभरानं काकूंनी त्यांना परत रानात नेलं आणि दोन्ही हातांनी शेंडे बाजूला सारले. आत खालची पानं पिवळी पडून मातीवर सांडली होती. बांधावरच्या मोठ्या झाडांच्या सावलीत, जिथं दव सगळ्यात जास्त रेंगाळायचं, तिथं तर नुसते दांडे उरले होते.

“तुम्ही औषध कुणाला दिलंत?” काकू म्हणाल्या. “पिकाला, की आभाळाला?”

औषधात भेसळ असेल, हवा वाईट आहे, अशी दोन-तीन कारणं काकांच्या जिभेवर तयार होती. तेवढ्यात त्यांची नजर बांधावर ठेवलेल्या पंपाच्या नोझलवर गेली. ते तण मारायचं होतं, जाड थेंबांचं. ते थेंब वरच्या पानावर पडतात आणि तिथूनच घरंगळतात.

“पंप घासून धुतला,” काका सावकाश म्हणाले, “मास्क धुतला, मोजे धुतले. नोझल तेवढं बदललं नाही. आणि बदललं असतं तरी वरूनच मारलं असतं. मी उभ्यानं काम करतो, आणि हा रोग बैठकीतला.”

काकू हसल्या नाहीत. लग्नाला एवढी वर्षं झाली, इतक्या पडेल विनोदालाही ही बाई निदान नाक तरी उडवायची.

“माझं बी जाईल का हो?”

“माहीत नाही,” ते म्हणाले. पुढे जोडायला काही सुचत होतं, ते त्यांनी गिळलं.

बियाणं संस्थेतर्फे पीक तपासणाऱ्या बाईंना त्यांनी स्वतः फोन लावला आणि आपली करामत जशीच्या तशी सांगितली. बाईंनी बजावलं, आता वेगळं औषध घ्या, बारीक तुषारांचं नोझल लावा, आणि पानांच्या खालून भिजवा. खालून म्हणजे किती खालून, असं काकांनी विचारलं. तुम्ही बसाल तेवढं, असं उत्तर आलं.

मग ते दृश्य साऱ्या शिवारानं पाहिलं. काका गुडघ्यांवर, पाठीवर पंप, नळीचं तोंड आभाळाकडे वळवलेलं. वारा येत होता त्या बाजूला मास्क लावलेल्या काकू, लांब काठीनं झाडं कलती करून धरणाऱ्या. एकेक ओळ गोगलगायीच्या चालीनं. दर थोड्या वेळानं काका कण्हत होते, आणि काकू काठीनंच पुढची ओळ दाखवत होत्या.

शेजारचा मळेवाला बांधावर येऊन उभा राहिला. “काका, काही पडलंय का?”

“अब्रू,” काका खालून म्हणाले. “सापडली की हाक मारतो.”

ठेवलेला चहा निवला, परत तापवला, परत निवला. संध्याकाळी काकांना उभं करायला मळेवाल्यालाच हात द्यावा लागला.

शेंगा वाळायला लागल्यावर संस्थेतल्या बाई आल्या. जागोजागच्या शेंगा तोडून त्यांनी तळहातावर सोलल्या. मधल्या ओळींचे दाणे गोल, गुळगुळीत निघाले. सावलीतले मात्र चपटे, चिमलेले. बाईंनी ते हातातल्या हातात फिरवले आणि टाकून दिले. काकू त्यांच्या बोटांकडे बघत होत्या. काका काकूंकडे.

“सावलीतला पट्टा बियाण्यात नको,” बाई म्हणाल्या. “तो वेगळा कापा, त्याची मळणीही वेगळी करा. बाकीचं घेते मी. पिशव्यांवर नाव कुणाचं घालू?”

सवयीनं काकांचं तोंड उघडलं होतं, ते त्यांनी मिटलं.

“माझं,” काकू म्हणाल्या. एवढ्या हळू, की बाईंना परत विचारावं लागलं. दुसऱ्यांदा मात्र शेजारच्या रानातल्या मळेवाल्यालाही ऐकू गेलं.

काका तोवर विळा घेऊन सावलीकडे निघाले होते.

“तो पट्टा माझा,” ते वळून म्हणाले. “मी कापतो. वाकूनच कापावा लागेल, दुसरा इलाज नाही.”