गीझर माझा, गरम पाणी तुमचं

न्यायाची इतकी चाड असलेला आणि तरीही इतका अन्यायी माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही. मयूर विहारमधले आमचे घरमालक सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, पन्नास वर्षे दिल्लीत मुरलेले मराठी गृहस्थ. तळमजल्यावर ते एकटे राहत आणि वरच्या मजल्यावर मी. मी त्यांना काका म्हणे. बदली होऊन आलो तेव्हा मराठी घरमालक मिळाला या आनंदात होतो. तो आनंद भाडेकरार वाचेपर्यंत टिकला. भिंतीवरच्या कोणत्याही वस्तूला मालकाच्या लेखी संमतीवाचून हात लावायचा नाही, असे त्यात एक कलम होते. खिडकीची कडी ही भिंतीवरची वस्तू की खिडकीवरची, या प्रश्नावर आमचा एक अख्खा आठवडा खर्ची पडला. तोंडी तक्रार ते ऐकतच नसत. "लेखी द्या," म्हणत, आणि लेखी दिले की समासात शेरा मारून कागद परत पाठवत : "पाहिले. कारण स्पष्ट करावे." नळ का गळतो याचे कारण मी काय स्पष्ट करणार? पण मी पडलो भिडस्त. मी तेही लिहून दिले.

वडील गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आई पुण्याहून माझ्याकडे आली. करमले तर इथेच राहीन, असे ती म्हणाली होती, आणि ती राहावी याहून मोठी इच्छा मला तेव्हा नव्हती. आठवडाभरातच गीझर बंद पडला. डिसेंबरात दिल्लीच्या टाकीतले पाणी म्हणजे वितळायचे विसरलेला बर्फ. त्यात आईला संधिवात. मी तातडीचा अर्ज केला. काकांनी मला खाली बोलावून, चहा देऊन, करार वाचून दाखवला.

"नैसर्गिक झीज झाली तर दुरुस्ती माझी. वापरानं बिघडला तर तुमची."

"पण काका, वापरल्याशिवाय तो झिजेल कसा?"

"बिल्कुल. हाच तर मुद्दा आहे. गीझर माझा, गरम पाणी तुमचं. बिघाड नेमका कशात झाला, ते आधी ठरू दे."

"मग मीच माणूस बोलावतो."

"म्हणजे तुम्ही दोष मान्य केलात. असा अन्याय मी तुमच्यावर होऊ देणार नाही."

माझ्यावरचा अन्याय टाळण्यासाठी माझी आई दहा दिवस पातेल्यात पाणी तापवत राहिली. जिन्यात काका भेटले की ती त्यांना ऐकवी, "अहो, वरच्या त्या गीझरला एक हार आणून द्या. नाहीतरी भिंतीवर नुसताच टांगलाय." त्यावर काका गंभीरपणे म्हणत, "वहिनी, प्रकरण विचाराधीन आहे."

अकराव्या दिवशी स्वयंपाकघरातून न्हाणीत नेताना पातेले कलंडले आणि आईचा पाय भाजला. मलम लावून घेताना ती शांतपणे म्हणाली, "मला पुण्याचं तिकीट काढून दे." तेव्हा मी खाली गेलो आणि काकांच्या दारात उभा राहून, जन्मात कोणावर ओरडलो नव्हतो तेवढा ओरडलो. काय बोललो ते आता आठवत नाही. करार फाडल्याचे मात्र आठवते. काका खाली वाकून तुकडे वेचू लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक मेकॅनिक आला आणि आमचा गीझर उतरवून दुसरा बसवून गेला. शरमून मी आभार मानायला खाली गेलो, तर काका डोके पुसत कुडकुडत होते. त्यांच्या न्हाणीच्या भिंतीवर चार उघडी भोके दिसत होती आणि पाइपांच्या तोंडांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

"काका, हा तुमचा गीझर?"

"नवा आणला असता तर जबाबदारी माझी होती, असं सिद्ध झालं असतं," ते दात वाजवत म्हणाले. "अजून ते ठरलेलं नाही. हा नुसता शेजारधर्म."

इतका हट्टी मूर्खपणा मी पाहिलेला नव्हता, आणि तरी वर येऊन आईला सांगताना मला त्यांचा राग काही येईना. आईने तिकिटाचा विषय काढला नाही. दुसऱ्या सकाळी तिने गरम पाण्याची बादली भरून माझ्या हाती दिली, आणि ती स्वतः लंगडत येऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिली.

"हे पाणी कोणत्या कलमाखाली?" खालून प्रश्न आला.

"कलम नाही. गरम आहे तोवर अंघोळ करा," आईने वरूनच सांगितले.

होळीपर्यंत ती बादली रोज खाली जात राहिली. मग उन्हाळ्यात, गरम पाण्याची कोणालाच गरज नसताना, काकांनी जुना गीझर दुरुस्त करून स्वतःकडे बसवून घेतला. बिघाड कशात होता ते मी विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. आई दिल्लीतच राहिली.

यंदा त्यांच्या मुलीने त्यांना बंगळूरला नेले. घराचे सगळे ती फोनवरून बघते. परवा आमचा गीझर गळू लागला; मी संदेश पाठवला आणि तासाभरात माणूस येऊन दुरुस्ती करून गेला. "किती सोपं झालं रे हे," आई म्हणाली. सूर मात्र तक्रारीचा होता, आणि ही तक्रार आता कोणाकडे द्यायची, ते आम्हा दोघांनाही सुचेना.