आपली नसलेली बोट

दत्ताभाऊजी गेल्याची बातमी मी दुपारीच ऐकली होती. ती आमच्या घरची आहे हे कळायला संध्याकाळ झाली. भोरच्या आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये टीव्ही चालू होता. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी तेलाची एक बोट पेटली होती, कुणीतरी क्षेपणास्त्र डागलं होतं. बोटीवर झेंडा भलत्याच देशाचा, नाव कुणी कधी न ऐकलेलं. "आपली नाही ना? मग ठीक," कुणीसं म्हणालं, आणि मीही मान हलवून डबा उघडला. भोरहून घरी पोचले तर आमचे हे ओट्यावर बसलेले... फोन हातात. "दत्ता त्याच बोटीवर होता," एवढंच बोलले.

दत्ताभाऊजी माझे धाकटे दीर. गुंजवणे गावातली जमीन धरणात गेली आणि घर भोंगवलीला आलं, तेव्हा ते शाळेत होते. पुढे नसरापूरच्या एका गॅरेजमध्ये डिझेल इंजिनं खोलताना कुणीतरी बोटीवरच्या नोकरीचं सांगितलं, आणि धरणापलीकडे मोठं पाणी न पाहिलेला माणूस समुद्रावर गेला. सासूबाई गावभर सांगत, "माजा दत्ता देशाला त्याल आणतोय." ते कानावर आलं की भाऊजी उठून गोठ्याकडे जात. मला वाटे, बुजतात.

मी राज्यशास्त्र शिकवते. त्यांच्या शेवटच्या सुट्टीत मी त्यांना वर्गात बोलावलं. कुणी कितीही निर्बंध घातले तरी आपला देश स्वस्त तेल घेतो, दबावापुढे झुकत नाही, हे मी मुलांना आधीच रंगवून सांगितलं होतं. भाऊजी फळ्याजवळ येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "म्या बोटीचं नाव पुसलंय. दोरीवर लटकून. जुन्या नावावर रंग मारला, नवं लिवलं. झेंडा बी बदलला. बोट कुठं हाय ते सांगणारं यंत्र असतं, ते बंद करत्यात... बंदी घातल्यालं त्याल कुठनं आलं ते कळू नये म्हणून." पुढे म्हणाले, "घरी सांगितलं न्हाई कदी. लाज वाटती."

मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मग बुडाली तर शोधणार कोण?"

"कुणाला ठाव असंल तर शोधंल की," ते हसून म्हणाले.

घरी परतताना एसटीत मी म्हटलं, "सोडून द्या ना ही बोट." ते म्हणाले, "चांगल्या बोटीवर शिक्षणाची कागदं इचारत्यात, वैनी. हितं कोण काय इचारत न्हाई."

भाऊजींची शवपेटी घरी यायला फार दिवस लागले. मालक एका देशातला, झेंडा दुसऱ्याचा, तेल आपल्याकडे येणारं... बोट आपली म्हणायला कुणीच तयार नव्हतं. त्याच दिवसांत टीव्हीवर आपल्या स्वतंत्र परराष्ट्र धोरणाचं कौतुक चाललं होतं. ते शब्द माझ्या ओळखीचे होते. वर्गात मी तेच वापरते. गावातल्या पोरांनी पेटीवर घालायला तिरंगा आणला. कुजबुज झाली. तो काही सैनिक नव्हता, बोटही आपली नव्हती. पोरांनी झेंड्याची घडी घातली आणि परत नेला. मी तिथंच उभी होते.

परवा सासूबाई म्हणाल्या, "सुनंदा, कुठं झालं ते दाव मला." त्यांच्या खोलीत भाऊजींनी लावलेला जगाचा नकाशा आहे. दर सुट्टीला ते आईला समोर बसवून त्यावर बंदरं दाखवत. नकाशाचा तेवढा भाग हात लागून लागून मळलाय. मी तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेली ती सामुद्रधुनी दाखवली. सासूबाईंच्या नखाखाली ती मावली.

"एवढुशी? आन् समद्या बोटी हितनंच जात्यात?"

"बऱ्याचशा."

"दुसरी वाट न्हाई?"

वाट आहे. आफ्रिकेला पुरा वळसा घालून. दरवर्षी मी ती फळ्यावर काढते आणि शेजारी लिहिते : लांबची, महाग.

"आहे, आई."

"मग तिकडनं का न्हाई नेली?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. मी नकाशावर आफ्रिकेभोवतीचा तो लांबचा वळसा बोटानं काढू लागले.