कव्हरमागचं साल

कुठली गोष्ट कुठल्या सालची, हे देवाला विचारण्यापेक्षा आमच्या मामेसासऱ्यांना विचारलेलं बरं. देव निदान क्षणभर विचारात तरी पडेल. मामा पडत नाहीत. त्यांच्यापुढे जुन्या रेकॉर्डचं कव्हर ठेवलं, की ते आधी उलटं करतात, कारण पुढचं चित्र अडाण्यांसाठी असतं असं त्यांचं ठाम मत आहे. मग मागच्या बाजूला अगदी तळाशी जो बारीक मजकूर असतो, जो छापणाऱ्यानेही पुन्हा वाचला नसेल, तो भिंगातून वाचतात, कडेला नाक लावून डिंकाचा वास घेतात आणि साल सांगतात. त्यानंतर तबकडी बाहेर काढून तिच्या मधल्या गोल लेबलाचा रंग बघतात आणि तेच साल पुन्हा सांगतात, या वेळी जरा मोठ्याने. कव्हर बदलता येतं, लेबल बदलता येत नाही, म्हणून लेबल बघितल्याशिवाय त्यांच्या कोर्टात निकाल लागत नाही.

मामा फौजेत होते, पण त्यांची सगळी नोकरी रसदीच्या कोठारात गेली. डब्यावरची तारीख वाचल्याशिवाय जवानाच्या ताटात काही पडू द्यायचं नाही, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन कडेगावला आले तेव्हा घरातले सगळे डबे आठवड्याभरात तपासून झाले आणि माणूस रिकामा पडला. तेवढ्यात सांगलीच्या एका भंगारवाल्याकडे त्यांना रेकॉर्डींचा ढीग दिसला. तेव्हापासून घरात धान्याला जागा नाही. रेकॉर्ड वाजवायचं यंत्र मात्र त्या घरात कधीच आलं नाही. "मामा, एखादी ऐकावीशी नाही वाटत?" असं मी एकदा विचारलं, तर माझी कीव करत म्हणाले, "ऐकून साल कळतंय व्हय?"

यावर मामींचं म्हणणं वेगळं आहे. बारा महिने ऊस त्याच बघतात. "आवं जावईबापू," त्या मला सांगतात, "उसाला पाण्याची पाळी कवा हाय ह्ये ह्यास्नी ठावं न्हाई, आन् मुंबईतल्या कुठल्या छापखान्यानं शाई कवा बदलली ते तोंडपाठ!" मामा हे कौतुक समजून मान डोलावतात.

ही नजर माणसांवरही चालते. माझं लग्न ठरत होतं तेव्हा माझा फोटो बायकोच्या माहेरी गेला. सगळ्यांनी तो पुढून पाहिला. मामांनी उलटा करून साताऱ्याच्या स्टुडिओचा शिक्का वाचला आणि भर बैठकीत जाहीर केलं, "फोन पाच आकडी हाय. साताऱ्याचं फोन कवाच सहा आकडी झालं. फोटो जुना हाय, पोरगं आता जाड झालंय." पोरगं खरोखरच जाड झालं होतं. तरीही लग्न झालं, हा बायकोच्या मोठ्या मनाचा भाग.

त्यांच्याबरोबर कुणाकडे जायचं म्हणजे जीव मुठीत धरून जावं लागतं. म्हसवडला एका घरात देव्हाऱ्यावर देवीची तसबीर होती. मामांनी लांबूनच ओळखलं, की ही तसबीर नसून भक्तिगीतांच्या रेकॉर्डचं कव्हर काचेत बसवलेलं आहे. झालं! मागची बाजू बघितल्याशिवाय चहा घ्यायला तयार होईनात. घरची म्हातारी म्हणाली, "देवी पालथी घालू व्हय? गाव काय म्हनंल?" शेवटी मामांनी दुकानातून नारळ आणला, देवीची ओटी भरायला लावली, क्षमा मागितली आणि मग फ्रेम उघडली. साल निघालं. देवी पुन्हा जाग्यावर बसली आणि चहा आला, तो तोवर पाणी झाला होता.

पण त्यांचा खरा लाडका नग वेगळाच आहे. आपल्याकडे आहेरात आलेल्या पातेल्यावर, तांब्यावर नाव घालून घ्यायची पद्धत. कुणा वरबापाने आहेरात आलेली रेकॉर्डसुद्धा त्याच मशीनवाल्यापुढे धरली आणि त्या पठ्ठ्याने गाण्याच्या रेघांवरून सुई चालवत देणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख ठोकून दिली. मी कपाळाला हात लावला. मामांच्या डोळ्यांत मात्र पाणी यायचं बाकी होतं. "गानं गेलं," ते म्हणाले, "पर तारीख ऱ्हायली की!"

त्यांनी मला शिकवलेल्या विद्येतली एकच गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली. कव्हरवरच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर ते कव्हर बहात्तरच्या ऑगस्टआधीचं असूच शकत नाही, कारण त्याआधी पिनकोडच नव्हता. ही एवढी विद्याही शिकलो नसतो तर बरं झालं असतं, असं मला गेल्या हिवाळ्यात वाटलं.

कवठे महांकाळच्या बाजूला एका आजींकडे एकच रेकॉर्ड आहे, पण कोरी करकरीत, असं कुणीतरी मामांना सांगितलं. मी गाडी काढली. आजींनी ट्रंकेतून जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेली रेकॉर्ड आणून मामांच्या पुढ्यात ठेवली आणि भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. फोटोत वर्दीतला तरणाबांड गडी होता.

"मालक एकाहत्तरच्या लढाईत गेलं," आजी म्हणाल्या. "लगीन हून दुसरं साल हुतं. वर्साचं घातल्यावर धाकलं दीर एक दिस सांगलीस्नं ही घिऊन आलं. म्हनलं, वयनी, दादानं तुमच्यासाठनं धाडल्याली, मिलिटरीचं पार्सल, फिरत फिरत आत्ता घावलं. घरात फोनो न्हवता, लाईट बी न्हवती. तवापास्नं जपलीया. दीर बी गेलं आता. तुमाला साल कळतंय म्हनं. जायच्या आधी किती दिस घेतली आसंल त्येंनी? कवा याद झाली आसंल माजी? तेवडंच सांगा."

मामांनी कव्हर उलटं केलं. भिंग काढलं. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. छापखान्याचा पत्ता होता आणि त्याच्या शेवटी सहा आकडे होते. मी आजींकडे बघायचं टाळलं, कारण या माणसाने सालाच्या बाबतीत सख्ख्या बायकोचीही भीड ठेवलेली नाही.

मामांनी भिंग खिशात ठेवलं. "कव्हर मागनं कुनीतरी बदाललंय," ते म्हणाले. "पार्सल फुटलं की फौजंत आसंच करत्यात. आतली तबकडी जुनी आसणार." असणार हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. आजींनी तबकडी काढून द्यायला हात पुढे केला, तर त्यांनी तो हलकेच मागे सारला. "नगं. हाताळली की चरं पडत्यात. लढाईच्या आदी, दिवाळीच्या सुमाराला घेतली आसणार त्येंनी."

"दिवाळीला व्हय," आजी म्हणाल्या. मग फोटोकडे बघत जरा हसल्या. "पत्र न्हाई आलं त्या दिवाळीला. म्या लय रागावलेली."

त्यांनी रेकॉर्ड पुन्हा धडप्यात गुंडाळली. मामांनी फोटोसमोर उभं राहून कडक सलाम ठोकला आणि आम्ही निघालो. एरवी वाटेत दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत, ही कधी रंगवली ते सांगत जाणारा माणूस, पण आज त्यांनी बाहेर बघितलंसुद्धा नाही. कडेगाव जवळ आल्यावर मला राहवेना.

"मामा, लेबल का नाही बघितलं?"

"बघितलं आसतं, तर सांगावं लागलं आसतं," ते म्हणाले. मग घराच्या दारात गाडी थांबली तरी ते उतरेनात. शेवटी चष्मा काढून पुसत म्हणाले, "जावईबापू, त्या भिंतीवर दिराचा बी फोटो पायजे हुता. एक सलाम त्येला बी द्याचा ऱ्हायला."