खंडेनवमीला विसावलेली डिस्क

शहापुरात आई ज्यांच्या मागांवर सुताच्या कांड्या भरायची, त्या अण्णांच्या कारखान्यातच मी पहिल्यांदा संगणक पाहिला. शाळा सुटली की मी आईजवळ जाऊन बसायची. अण्णा स्टूल पुढं सरकवून म्हणायचे, "ये गं, नक्षी कशी उमटते बघ." आमच्या घरातली पहिली पदवीधर मी झाले, त्याची सुरुवात त्या स्टुलावर झाली.

पुढं नोकरी लागल्यावर त्यांच्या संगणकाची देखभाल मी आपणहून करू लागले. अण्णांच्या वडिलांनी चौकटीच्या कागदावर काढलेले साड्यांचे काठ त्यात उतरवलेले होते. मूळ कागद वाळवीनं खाल्ले. म्हणून मी सगळ्या नक्ष्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवली आणि बजावलं, "प्रत झाली की डिस्क काढून ठेवत जावा."

"सारखं कोण काढत बसतंय गं?" म्हणत अण्णा ती जोडूनच ठेवायचे.

यंदा खंडेनवमीला माग थांबले. पाटावर मागाचे धोटे, कात्र्या पूजेला मांडल्या. अण्णांनी डिस्कही काढून त्यांच्या शेजारी ठेवली. "नक्षी हिच्यातच हाय न्हवं? मग हीबी आमचं हत्यारच." संगणकाला मात्र जागेवरच हळदकुंकू लागलं आणि तो चालूच राहिला. दुपारी दिवाळीची मागणी समजून अण्णांनी एका अनोळखी मेलमधली फाईल उघडली. बघता बघता सगळ्या नक्ष्यांना कुलूप लागलं. पडद्यावर मजकूर आला : फायली हव्या असतील तर पैसे पाठवा.

त्यांचा फोन आला तसं मी ओरडलेच, "इंटरनेटची वायर काढा. पैसे पाठवू नका. आणि डिस्क जोडू नका, तिलाही कुलूप लागंल!"

शेवटचं त्यांना ऐकूच गेलं नाही. फोन टेबलावर टाकून ते पाटाकडं वळले होते. मला अण्णांच्या बायकोचा, काकूंचा, आवाज ऐकू आला.

"अहो, पूजेतलं हत्यार उद्यापातूर उचलायचं न्हाय!"

"अगं, माझ्या बाची नक्षी गेली!"

"म्हणून त्यांचीच रीत मोडताय व्हय? हात मागं घ्या."

हात मागं गेला, हे काकूंनी मला नंतर सांगितलं. मी तशीच शहापूरला निघाले.

मग तिथं जाऊन पोलिसांत तक्रार दिली, संगणक पूर्ण पुसून नव्यानं बसवला. दसऱ्याची आरती झाल्यावर अण्णांनी डिस्क माझ्या ओंजळीत ठेवली. तिच्यावर कुंकवाचं बोट होतं. आधी ती माझ्या लॅपटॉपला जोडली. पडद्यावर एकेक चौकट भरत गेली आणि मोरांचा काठ उभा राहिला, एकही पीस न मोडता. प्रत यंत्रापासून काढून वेगळी ठेवावी, हा नियम मी कॉलेजात पाठ केला होता. पण हत्यारालाही विसावा द्यावा, असं मानणाऱ्या माणसांनी तो माझ्या आधी कितीतरी पिढ्या पाळला होता.

अण्णा उभेच होते. मी स्टूल त्यांच्याकडं सरकवलं. ते बसले, मोराकडं बघत राहिले, आणि मग काकूंना म्हणाले, "आता ह्या डिस्कला दर आठवड्याला प्रत झाली की पाटावर बसवत जा."